निर्लेखन

सरकारी कचेरीत खुर्चीचा पाय मोडला तरी ती खुर्ची नुसती उचलून बाहेर टाकता येत नाही. डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद असते. समिती बसते, खुर्ची निरुपयोगी झाल्याची खात्री करते, सह्या होतात, निर्लेखनाचा शेरा पडतो, मग ती भंगारात जाते. फोन आणि इंटरनेटच्या जगात गेल्या तीस वर्षांत कितीतरी गोष्टी भंगारात गेल्या, पण त्यांच्या वाट्याला समिती आली नाही की शेरा आला नाही. नवीन काय आलं याच्या बातम्या होतात. काय गेलं ते एखाद्या दिवशी आपलं आपल्यालाच कळतं.

ही यादी अपुरी आहे आणि उपकरणं तिच्यात मुद्दाम कमी घेतली आहेत. पेजर गेला, फ्लॉपी गेली, ट्रंक कॉल गेला, त्याबद्दल गळा काढावा असं काही नाही. पण बऱ्याच वस्तूंबरोबर एखादी मोकळीकही जाते. ती कुठल्या रजिस्टरला चढवलेलीच नसते, त्यामुळे ती गेल्याचं कोणी विचारतही नाही.

मिस्ड कॉल

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना केला. पुढची आठ वर्षं फोन करणारा पैसे मोजायचा आणि घेणाराही मोजायचा. मे २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, आणि मिस्ड कॉलचं राज्य सुरू झालं.

एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे खाली ये. तीनच्या पुढे गेली म्हणजे काहीतरी गडबड आहे, तूच उलटा फोन कर. वडापवाल्याशी ठरलेली खूण वेगळी, दूधवाल्याशी वेगळी, हॉस्टेलवरच्या मुलीची आईशी ठरलेली आणखी वेगळी. कंपनीच्या तारा, कंपनीचे टॉवर, आणि कंपनीला एक पैसा मिळत नव्हता. देशातल्या गरीब माणसाने कुठल्याही अभियंत्याला न विचारता बसवलेली ही संदेशसेवा होती.

मग ती शहाण्या लोकांच्या नजरेत भरली. २०११ च्या अण्णा हजारेंच्या आंदोलनात पाठिंबा मिस्ड कॉलने मोजला गेला. दोन-चार वर्षांत भारतीय जनता पक्षाने सदस्यनोंदणी मिस्ड कॉलवर केली. तोवर मिस्ड कॉल देऊन आपण गायब व्हायचो. आता मिस्ड कॉल दिला की आपला नंबर कोणाच्या तरी वहीत चढायला लागला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, बोलणं फुकट झालं, आणि पैसे वाचवण्यासाठी फोन तोडायचं कारण उरलं नाही. पण मिस्ड कॉलचा शेवटचा अंक त्यानंतर झाला आणि तो फार कमी लोकांनी पाहिला. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन करतो तेव्हा पहिली कंपनी दुसरीला मिनिटाला सहा पैसे देत असे. २०१९ मध्ये जिओने आपल्याकडून जाणाऱ्या कॉलची रिंग वीस सेकंदांवर आणली. फोन उचलायच्या आत तोडला, की समोरचा उलट फोन करणार, आणि मग सहा पैसे इकडे येणार, असा प्रतिस्पर्ध्यांचा आरोप होता. मग त्यांनीही आपली रिंग पंचवीस सेकंदांपर्यंत कापली. हजारो कोटींच्या कंपन्या एकमेकींना मिस्ड कॉल देत होत्या. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने आदेश काढला की मोबाइल तीस सेकंद वाजला पाहिजे आणि लँडलाइन साठ. आपली आजी जे वर्षानुवर्षं हिशेबाने करत होती त्याला असं सरकारी मोजमाप मिळालं, तेव्हा आजीला त्याची गरज उरली नव्हती.

त्या संदेशात मजकूर नव्हता. त्यामुळे तो कुठल्या सर्व्हरवर साठवता आला नाही, त्याचा स्क्रीनशॉट काढता आला नाही, न्यायालयात दाखवता आला नाही. आणि तो न पाहिल्याचा बहाणा सहज करता येत असे. २०१४ च्या नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा आल्यापासून बहाण्याला पुरावा मागितला जातो.

एसटीडी बूथ

रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून अकराला पाच कमी असताना पिवळ्या पाटीखाली रांग लागायची. काचेच्या खोक्यात माणूस, डोक्यावर लाल आकड्यांचं मीटर. आकडा पुढे सरकला की आतल्याचा बोलण्याचा वेग वाढायचा आणि नमस्कार सांगायचे राहून जायचे.

सॅम पित्रोदा आणि १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेच्या देशी टेलिफोन एक्स्चेंजमुळे हे बूथ गावोगाव पोचले. बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं. एका धोरणात दोन कामं साधल्याची उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत, हे त्यातलं एक. डिजिटल योजनांच्या आजच्या जाहिरातींत अपंग माणूस लाभार्थी म्हणून फोटोत असतो, गल्ल्यावर बसलेला क्वचित दिसतो.

बूथवाल्याला वाडीतली सगळी लफडी, आजारपणं आणि बदल्या ठाऊक असत. ही माहिती त्याने कुठल्या जाहिरातदाराला विकली नाही. गल्लीत फुकट वाटली असेल, तो भाग वेगळा.

साडेचार फुटांचं पार्टिशन

केंद्र सरकारने २०११ मध्ये सायबर कॅफेसाठी नियम काढले. पार्टिशनची उंची जमिनीपासून साडेचार फुटांहून जास्त नको. पार्टिशन नसलेल्या ठिकाणी स्क्रीनचं तोंड मोकळ्या जागेकडे हवं. येणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, नोंदी निदान वर्षभर जपायच्या. पार्टिशन कशाचं असावं, खुर्च्या किती असाव्यात, पंखा असावा का, याबद्दल काही नाही. उंची मात्र पक्की.

नियम येईपर्यंत कॅफेच निघून चालले होते. त्यांच्यावर आधीच बरंच काही येऊन गेलं होतं. ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर शिवाजी महाराजांविषयी घाणेरडा मजकूर दिसला म्हणून २००६ मध्ये पुण्यात सायबर कॅफेंची मोडतोड झाली. मजकूर परदेशातल्या सर्व्हरवर होता. फुटल्या त्या इथल्या कर्ज काढून घेतलेल्या संगणकांच्या काचा. पुढच्या वर्षी तशाच एका मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळुरूहून एका तरुणाला उचलून आणलं. टेलिकॉम कंपनीने दिलेला आयपी पत्त्याचा तपशील चुकीचा होता. तो पन्नास दिवस तुरुंगात होता. डिजिटल पुरावा खोटं बोलत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पन्नास दिवस लक्षात ठेवावेत.

३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं. त्याबद्दल हळहळलेल्यांपैकी बहुतेकांनी त्याआधी तीन वर्षं तिथे पाऊल टाकलेलं नव्हतं.

टोपणनाव

केशवसुत, गोविंदाग्रज, बालकवी, कुसुमाग्रज, ग्रेस. जयवंत दळवी ‘ललित’मध्ये ठणठणपाळ होऊन मराठी लेखकांची यथेच्छ टिंगल करत. मराठी वाङ्मयातून टोपणनावं काढली तर कवितेचं निम्मं कपाट रिकामं होईल. इंटरनेट आलं तेव्हा मराठी माणसाला खोटं नाव घेणं शिकवावं लागलं नाही.

आता ही सोय हळूहळू काढून घेतली जात आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मोठ्या समाजमाध्यमांनी स्वेच्छेने ओळख पडताळण्याची सोय द्यावी, असं आलं. त्याच नियमांत, संदेश पहिल्यांदा कोणी धाडला ते सांगण्याची सक्ती आली. त्याविरुद्ध व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने फर्मावलं की संदेशांची अॅप्स ज्या सिमवर उघडली ते सिम फोनमध्ये असेपर्यंतच चालावीत, आणि संगणकावरची जोडणी सहा तासांनी तुटावी. प्रत्येक वेळी कारण रास्तच असतं. फसवणूक वाढली आहे, ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्त माणसांची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते, हे खरंच आहे.

पण खऱ्या नावाने माणूस सभ्य होतो हे गृहीतक मला कधी पटलं नाही. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकूण एक माणूस खऱ्या नावाचा, ओळखीचा, लग्नात भेटलेला असतो. तिथे काय चालतं ते सर्वांना माहीत आहे. स्वतःच्या फोटोखाली, नावगाव लावून शिव्या देणाऱ्यांना ओळख उघड होण्याची भीती उरलेली नाही. ती उरली आहे तहसीलदाराबद्दल, संस्थाचालकाबद्दल, साहेबाबद्दल काही लिहू पाहणाऱ्याला. म्हणजे पडताळणीने गप्प कोण बसेल, हे उघड आहे.

दिवाळीचा एसएमएस

एका एसएमएसमध्ये रोमन लिपीतली १६० अक्षरं मावत, देवनागरीतली ७०. शिवाय देवनागरीत प्रत्येक काना, वेलांटी आणि हलन्त वेगळा मोजला जाई. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढ्यातच सत्तावीस खर्ची पडत. मायबोलीत शुभेच्छा दुप्पट महाग, म्हणून अख्ख्या पिढीने मराठी रोमनमध्ये लिहायची सवय लावून घेतली, आणि पुढे लोकांनी त्या पिढीला भाषेचा अभिमान नाही म्हणून बोल लावला.

सणाच्या दिवशी कंपन्यांचे स्वस्त पॅक चालत नसत. पाडव्याला पाठवायचा संदेश लोक धनत्रयोदशीलाच पाठवून मोकळे व्हायचे. २०११ मध्ये ट्रायने दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली, मग ती दोनशे केली. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांनी घाबरून ईशान्येकडची मुलं पुणे आणि बंगळुरूहून मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाली, तेव्हा सरकारने पंधरा दिवसांसाठी एकगठ्ठा एसएमएस पाचांवर आणले. अफवा थांबवण्यासाठी देशभर सगळ्यांच्या संदेशांवर घातलेलं ते बंधन. पाच! नंतर वीस केले. आज कुठल्याही मंत्रालयाला असा आकडा ठरवता येणार नाही, आणि म्हणून ते सरळ जिल्ह्याचं इंटरनेटच बंद करतात.

गाठीचा श, पाकळ्यांचा ल

ही वस्तू गेलेली नाही, पण चालली आहे. मराठी शाळेत श गाठ मारून काढायला शिकवतात आणि ल दोन पाकळ्यांचा. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी हीच वळणं प्रमाण धरली. फोनवर मात्र बहुतेकांना हिंदीतला श आणि दंडाचा ल दिसतो. युनिकोडमध्ये श ला एकच क्रमांक आहे. तो कसा दिसावा हे फॉन्ट ठरवतो, आणि मजकूर मराठी आहे हे अॅपने फॉन्टला सांगितलं तरच फॉन्ट मराठी वळण काढतो. अॅप सांगत नाही. सोय बऱ्याच फॉन्टांत आहे. मागणारा नाही.

मुलाने वहीत गाठीचा श काढला की बाई बरोबरची खूण करतात, आणि त्याच शाळेच्या ग्रुपवरची सूचना दुसऱ्याच श मध्ये येते. मराठीच्या पाट्यांवरून काचा फुटतात. फोनमधल्या श साठी एकाही पक्षाने आजवर निवेदन दिलेलं ऐकलं नाही. काच नसल्यामुळे असेल.

याच खात्यात श्रीलिपी, आकृती आणि सीडॅकच्या जुन्या फॉन्टांतल्या फायली लिहून ठेवा. वीस-पंचवीस वर्षांचे दिवाळी अंक, प्रबंध, संस्थांची इतिवृत्तं त्यांत टंकलेली आहेत. आज फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा भुसा पडतो. वाळवीने खाल्लेल्या बाडातली निदान उरलेली पानं वाचता येतात.

डब्याला डकवलेला चार्ट

आरक्षित डब्याच्या दाराशी चार्ट डकवलेला असे. त्यावर नाव, वय, स्त्री की पुरुष, बर्थ. आपलं नाव सापडलं की आजूबाजूची पाच नावं वाचायची. सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर खालचा बर्थ जाणार हे तिथेच कळायचं. पंचविशीतलं स्त्रीचं नाव दिसलं की काही लोक शर्टची कॉलर नीट करायचे, हेही लिहायला हवं. म्हणजे चार्ट निष्पाप होता असं कोणी समजू नये.

१ मार्च २०१८ पासून रेल्वेने मोठ्या स्थानकांवर हे चार्ट लावणं बंद केलं. कागद वाचला. बाईमाणसाचं नाव आणि वय फलाटावर जाहीर होणं थांबलं, हे चांगलंच झालं. पण २०२२ मध्ये रेल्वेच्याच तिकीट कंपनीने प्रवाशांच्या माहितीतून पैसे कसे उभे करता येतील हे सांगायला सल्लागार नेमण्याची निविदा काढली. ओरड झाली, ऑगस्ट अखेरीला निविदा मागे घेतली. फलाटावरच्या चार्टवरून सगळ्यांना सगळ्यांची थोडी माहिती कळत होती. आता ती कोणा एकाकडे पूर्ण आहे, आणि ती विकावी का, हा त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे.

पोचपावती

डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद केली. लहान प्रकाशकांना ते काउंटरवर गेल्यावर समजलं. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विरघळलं. ‘रजिस्टर आलंय’ या हाकेने घरात उडणारी धांदल आता इतिहासजमा. नोटीस असो की नोकरीचं पत्र, ज्याच्यासाठी सही करावी लागते ते महत्त्वाचं, ही समजूत पोचपावतीच्या त्या तांबूस कार्डाने पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. आता सगळ्याच गोष्टींना ओटीपी लागतो, वडापावलाही.

तिकिटामागचा आकडा

सुट्टे नसले की एसटीचा कंडक्टर तिकिटामागे राहिलेले पैसे लिहून त्याला गोल करायचा. ते विसरून उतरणाऱ्यांच्या पैशांचं काय व्हायचं ते विचारू नये. किराणावाला सुट्ट्याऐवजी गोळी द्यायचा. त्याच गोळ्या साठवून कोणी त्याला परत पैसे म्हणून दिल्या तर मात्र घ्यायचा नाही. ३० जून २०११ ला चार आणे कायद्याने संपले, पण व्यवहारातून ते कधीच गेले होते.

एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं, जानेवारी २०२० पासून दुकानदाराला त्यावर शुल्क नाही, आणि सुट्ट्यांची कटकट मिटली. यूपीआय ही आपल्याकडच्या सरकारी-डिजिटल कामांतली खरोखर उत्तम गोष्ट आहे. भाजीवालीला नोट खोटी निघायची धास्ती नाही, रात्री गल्ला सांभाळायला नको. माझी तक्रार क्षुल्लक आहे. त्रेचाळीस रुपये झाले की त्रेचाळीसच जातात. पूर्वी चाळीसवर मिटायचं, किंवा पंचेचाळीस ठेवून घेऊन ती वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकायची. आता यूपीआयचा बोलका खोका अख्ख्या बाजाराला सांगतो की त्रेचाळीस मिळाले, आणि कोथिंबीर वेगळी दहाची.

तलाठ्याची सही

आनंदाने खोडावी अशी नोंद. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, पंधरा रुपयांत, घरबसल्या. सजाच्या गावी जा, साहेब तालुक्याला गेलेत, बाजारच्या दिवशी या, हे ज्यांनी भोगलंय त्यांनी जुन्या काळाचे गोडवे गाऊ नयेत; आणि ज्यांनी भोगलं नाही त्यांनी तर मुळीच नाही.

पण हस्तलिखित सातबारावर बरोबर असलेलं आजोबांचं नाव संगणकावर चढवताना चुकलं, तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली अर्ज करायचा, आणि मग थांबायचं. पूर्वी चूक केलेला माणूस समोर बसलेला असे. त्याच्याशी भांडता येत असे, त्याच्या साहेबाकडे जाता येत असे. आता ‘सर्व्हर डाउन आहे’ असं सांगणारा तरुण मुलगा भेटतो. त्याचा काही दोष नसतो, आणि नेमका दोष कोणाचा, हे त्यालाही माहीत नसतं.

एक परंतुक

यादीतली सगळ्यात लहान आणि माझ्या मते सगळ्यात मौल्यवान वस्तू. ते एक वाक्य होतं, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) च्या शेपटाला. जी माहिती संसदेला किंवा राज्याच्या विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कुठल्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असा त्याचा अर्थ. आमदार जे विचारू शकतो ते गावातला कोणीही दहा रुपयांच्या अर्जावर विचारू शकतो. लोकशाहीची व्याख्या इतक्या कमी शब्दांत क्वचितच कोणी केली असेल.

या कायद्याशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. केंद्राचा कायदा २००५ चा. आपला त्याआधीचा, २००२ चा, आणि त्यासाठी अण्णा हजारेंनी ऑगस्ट २००३ मध्ये आझाद मैदानावर उपोषण केलं. माहिती मागणाऱ्यांनी त्याची किंमतही इथेच मोजली. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींचे व्यवहार खणून काढत होते. १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला.

मूळ कलमाला कुलपं होती. माहिती वैयक्तिक हवी. तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नको. किंवा ती दिल्याने कोणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला पडायला हवा. तरच ती नाकारायची, आणि तेव्हाही व्यापक जनहित दिसलं तर द्यायची. ऑगस्ट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम ४४(३) ने हे सगळं काढून एकच गोष्ट ठेवली: माहिती वैयक्तिक आहे. परंतुकही त्यात गेलं. आता कोणाला घरकुल मिळालं, कोणाची बदली कोणाच्या शिफारशीने रद्द झाली, जातीचा दाखला कोणत्या कागदांवर दिला, यातली कुठली माहिती वैयक्तिक नाही? माणसाचं नाव असलेली प्रत्येक गोष्ट वैयक्तिकच असते, आणि भ्रष्टाचार माणसंच करतात.

सरकारचं म्हणणं असं की कलम ८(२) शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर अधिकारी माहिती देऊ शकतो. देऊ शकतो, हे खरंच. पूर्वी नाकारणाऱ्याला कारण दाखवावं लागे. आता मागणाऱ्याने जनहित पटवून द्यायचं, आणि पटलं का हे ज्याच्याबद्दल विचारलंय त्याच्याच खात्याने ठरवायचं.

तारखाही पाहण्यासारख्या आहेत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ च्या मध्याला आले. कंपन्यांनी आपली माहिती वापरताना संमती घ्यावी, आपण मागितली तर पुसून टाकावी, हे नागरिकांचे हक्क त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायचे आहेत. माहिती अधिकारातली काटछाट लगेच लागू झाली.

जायला हव्या होत्या, गेल्या नाहीत

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ. बाळासाहेब ठाकरे गेले तेव्हाच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाइक केलं होतं. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. जुलै २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला कळलं की पोलीस अजून त्याखाली गुन्हे नोंदवत आहेत. पाठ झालेलं कलम हाताला सुटत नसावं.

आधारची झेरॉक्स. ती कोणालाही देऊ नका, अशी सूचना आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने २७ मे २०२२ ला काढली. २९ तारखेला मागे घेतली, गैरसमज होईल म्हणून. मधल्या दोन दिवसांत मात्र सरकारने नागरिकांना खरी गोष्ट सांगितली होती.

काय काढलं त्याची यादी

२९ जून २०२० रोजी एकोणसाठ चिनी अॅप्स बंद झाली. टिकटॉक त्यात होतं. चीनच्या सीमेवर जे घडलं त्यानंतर तो निर्णय समजण्यासारखा होता. पण त्याबरोबर इथल्या शेताच्या बांधावर, ऊसतोडीच्या फडात, परातीत भांडी घासताना केलेले लाखो व्हिडिओ देशातून दिसेनासे झाले. त्यांतले बरेच टाकाऊ होते. छापील मराठीतलंही बरंच टाकाऊ असतं, पण ते पुसायला कोणी एका रात्रीत येत नाही. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या माणसांचा तो दस्तऐवज कुठल्या ग्रंथालयात नाही.

तेव्हा निदान कळलं की काय बंद झालं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालच्या २००९ च्या नियमांत एक सोळावा नियम आहे: आलेल्या तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गुप्त ठेवायची. एखादं पान किंवा खातं इथे दिसेनासं होतं तेव्हा ते कोणी, कशासाठी काढलं हे अनेकदा लिहिणाऱ्यालाही कळत नाही. आता शिवाय गृह मंत्रालयाचं ‘सहयोग’ पोर्टल आहे. त्यावरून वेगवेगळ्या खात्यांचे अधिकारी मजकूर हटवायच्या नोटिसा थेट कंपन्यांना पाठवतात. एक्स कंपनीने त्याला दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ ला फेटाळलं. एक्सच्या मालकाविषयी प्रेम वाटायचं काही कारण नाही. पण काढून टाकलेल्याची यादी पाहायला मिळत नसेल तर माझ्यासारख्या यादीवाल्याने करायचं काय?

रेंज नव्हती

वरंध घाटात, भीमाशंकरच्या रस्त्यावर, कोकणात आजोळी: फोन लागला नाही हे सांगायला दोन शब्द पुरत आणि कोणी पुढे विचारत नसे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांत उपग्रहावरून इंटरनेट न्यायचं आहे. गडचिरोलीतल्या आरोग्य उपकेंद्राला रेंज हवीच, त्याबद्दल दुमत नाही. बहाणा गमावणारे आपण शहरातले, तेही शनिवार-रविवारचे.

शिवाय बहाणा पूर्ण गेला असंही नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात, त्याच वर्षी मराठा आंदोलनाच्या वेळी जालना-बीडमध्ये रेंज होती आणि इंटरनेट नव्हतं. ते आदेशाने बंद होतं. असे आदेश लोकांसाठी प्रसिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला काश्मीरच्या प्रकरणात बजावलं आहे. आता प्रसिद्ध करायचं म्हणजे संकेतस्थळावर टाकायचं, आणि ज्यांच्यासाठी तो आदेश काढला, ते संकेतस्थळ उघडणार कशावर, हे त्या आदेशात लिहिलेलं नसतं.